इटलीत मारल्या गेलेल्या जवानाची स्मृतिशिला: तपशील कसा पक्का करायचा?

वावीकर: सिन्नर तालुक्यातल्या गावचा एक जवान दुसऱ्या महायुद्धात इटलीत मारला गेला. विशीतला पोरगा, मराठा पलटण. घरच्यांकडे फक्त एक गोल पदक आहे. तारीख आणि ठिकाण कुठे मिळेल? दगड कोणता घ्यावा?

जुनी_दप्तरं: आधी पदकाची कड बघा. भारतीय जवानांच्या पदकांवर बहुधा नंबर, हुद्दा आणि नाव ठोकलेलं असतं. चिंच लावून लख्ख करू नका, अक्षरं झिजतात. टॉर्च तिरपा धरून फोटो काढा. तोच नंबर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांत पडलेल्या जवानांच्या कबरी-स्मारकांची नोंद ठेवणारी संस्था) संकेतस्थळावर टाका. नुसत्या नावाने शोधलंत तर अडकाल: बऱ्याच भारतीय नोंदींत अख्खं नाव आडनावाच्या रकान्यात असतं आणि स्पेलिंग कारकुनाच्या कानावर. ‘मराठा’त ‘आर’च्या आधी जादा ‘एच’ आणि दोन ‘टी’, तर ‘नाशिक’मध्ये ‘एच’ नाहीच. बापाचं नाव आणि गाव कधी असतं, कधी रकाना कोरा.

सह्यकडा: एक घोळ नेहमी होतो. स्मारक जिथे, तिथेच मरण आलं असं धरू नका. नाईक यशवंत घाडगे (व्हिक्टोरिया क्रॉस, पाचव्या मराठा रेजिमेंटची तिसरी पलटण) १० जुलै १९४४ ला टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पडले. नाव आहे कितीतरी दक्षिणेला, कसिनोच्या स्मारकावर, कारण ज्यांची कबर माहीत नाही त्यांची नावं तिथे आहेत. दहन झालेल्यांची सांग्रो नदी, फोर्ली आणि रिमिनी इथल्या दहन-स्मारकांवर. त्यामुळे ठिकाणाला पुरावा नसेल तर दगडावर नुसतं ‘इटली’ लिहा. नंबर हाती आला की बेळगावच्या मराठा रेजिमेंटल सेंटरला पत्र टाका, प्रत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला.

वावीकर: आभार. दगडाचं?

छिन्नी: काळा पाषाणच, पण जाळीदार नको, भोकांपाशी अक्षराची कड उडते. हातोडीने वाजवून घ्या, खणखणीत वाजला पाहिजे. ४ फुटी घेतला तर १ फूट काँक्रीटमध्ये जाऊ द्या. काळ्या मातीत वरवर पाया घातला की दोन पावसाळ्यांत दगड कलतो. मुरूम लागेपर्यंत खणा. अक्षरं दीड इंचाखाली नकोत, अनुस्वार आणि रफार रंगाने बुजतात. भिंतीला चिकटवलेली ग्रॅनाइटची पाटी स्वस्त पडते, पण सुटते. मजकूर कागदावर पूर्ण मापात काढून घरच्यांची सही घ्या, मगच छिन्नी लावा. जागा गावठाणातली असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव आधी.