मदत हवी आहे: शक, शुहूर आणि हिजरी तारखा इसवी सनात कशा बसवायच्या?

धागाकर्ता
वाचनालयासाठी दख्खनच्या मध्ययुगातल्या कलाटणीच्या घटनांचा भिंतीवरचा तक्ता करायचा आहे: १२९६ अलाउद्दीनची देवगिरीवर स्वारी, १३४७ बहमनी राज्याची स्थापना, १५६५ तालिकोटची (राक्षसतागडीची) लढाई, १६३६ निजामशाहीचा शेवट, १६७४ राज्याभिषेक. वर्षं जुळतात, दिवस जुळत नाहीत. राज्याभिषेक कुठे ६ जून, कुठे १६ जून. तिथी कुठे द्वादशी, कुठे त्रयोदशी. शिवाय ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे नेमकं कोणतं वर्ष?

मोडीवाचक
शेवटचं आधी. हे अरबी अंक आहेत, एकक आधी: खमस ५, सबैन ७०, अलफ १०००. शुहूर सन (जुन्या मराठी कागदांतला, सूर्याच्या गतीवर चालणारा सन) १०७५. हे वर्ष मे महिन्याच्या अखेरीस, सूर्य मृगात गेला की सुरू होतं. तिथून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवा, जानेवारी ते मे ६००. म्हणजे जून १६७४ असेल तर १०७५ + ५९९. घोळ होतो तो सबा (७) आणि सबैन (७०), तिसा (९) आणि तिसैन (९०) यांत. घाईच्या मोडीत शेवटचा ‘न’ सुटला की सगळं वर्ष बिघडतं. म्हणून पत्रातला चंद्र महिना आणि वार सोबत ताडून पाहाच.

शकाला चैत्रापासून डिसेंबरपर्यंत ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन ७९. शिवजन्म फाल्गुन वद्य ३, शके १५५१. इथे ७८ मिळवले तर १६२९ येतं, ७९ ने १६३०. ही चूक फार छापली जाते.

संवत्सराचं (साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं) नाव असेल तर ते पडताळणीला उत्तम. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी मोजा: १५५१ + १२ = १५६३, बाकी ३, तिसरं संवत्सर शुक्ल. राज्याभिषेकाच्या शके १५९६ ला बाकी ४८, आनंद. दोन्ही बरोबर. मात्र ही रीत दक्षिणेची. उत्तरेकडच्या लेखांना लावू नका, तिकडे संवत्सराचं चक्र वेगळं चालतं. महिनेही तिकडे पौर्णिमेला संपतात, त्यामुळे आपला फाल्गुन वद्य तिथे चैत्र वद्य असतो.

तिथीवार
६ आणि १६ जून दोन्ही बरोबर आहेत, पंचांगं दोन. ६ जून ज्युलियन (जुनं युरोपीय पंचांग), १६ जून ग्रेगोरियन (नवं, आज चालतं ते). इंग्रजांनी १७५२ पर्यंत जुनी गणना सोडली नाही, पोर्तुगिजांनी ऑक्टोबर १५८२ मध्येच नवी घेतली. त्यामुळे सुरतेच्या इंग्रजी कागदाशेजारी गोव्याचा पोर्तुगीज कागद ठेवला की १० दिवसांची तफावत दिसते. फेब्रुवारी १७०० नंतर ती ११ होते. इंग्रजांचं वर्षही २५ मार्चला बदलायचं, म्हणून जानेवारी १६६४ ची सुरतेची लूट त्यांच्या नोंदीत १६६३ मध्ये सापडते.

द्वादशी-त्रयोदशीचं कारण वेगळं. जेधे शकावली (जेधे घराण्याकडची घटनांची कालक्रमाने टिपणं) म्हणते ज्येष्ठ शुद्ध १२, शुक्रवार, तीन घटिका रात्र उरली असता. घटी २४ मिनिटांची, म्हणजे सूर्योदयाच्या ७२ मिनिटं आधी. आपला वार सूर्योदयाला बदलतो आणि दिवसाची तिथीही सूर्योदयाचीच धरतात, म्हणून पंचांगाने शुक्रवार, द्वादशी; शनिवारच्या सूर्योदयाची त्रयोदशी. मध्यरात्रीपासून मोजलं तर ६ जूनचा शनिवार लागलेला. शकावली चुकलेली नाही, आणि ६ जून लिहिणाराही.

धागाकर्ता
मनापासून आभार. हिजरीचं काय? १५६५ साठी २० जमादिलाखर ९७२ मिळालं आहे.

मोडीवाचक
ढोबळ हिशेब: हिजरी वर्ष × ०.९७०२२ + ६२१.५७. इथे १५६४.६२ येतं, म्हणजे वर्षाची सुरुवात ऑगस्ट १५६४. नेमकी ९ ऑगस्टला. पुढचे महिने आलटूनपालटून ३० आणि २९ दिवसांचे; पहिल्या पाच महिन्यांचे १४८ दिवस गेले की जमादिलाखरची १ तारीख ४ जानेवारीला पडते, २० तारीख २३ जानेवारी १५६५ ला. चंद्रदर्शनामुळे एखादा दिवस मागेपुढे होतो, आणि हिजरी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. वार दिलेला नसेल तर इतक्या अनिश्चिततेसह लिहा.

तक्त्यात तीन रकाने ठेवा: मूळ तिथी जशीच्या तशी, वार, मग इसवी तारीख. शेवटच्या रकान्याच्या डोक्यावर ‘ज्युलियन’ असं स्पष्ट लिहा आणि तिथे ग्रेगोरियन तारीख मिसळू देऊ नका. १५८२ पूर्वीच्या घटनांना ग्रेगोरियन देण्याची प्रथाच नाही, म्हणून १२९६ ते १६७४ सलग ज्युलियनच बसेल.