घरी बांधलेल्या विमानाच्या कॉकपिटला आतून स्प्रेने रंग देताना काय वापरावे?

ह्यूस्टनकर:
नमस्कार. व्हॅन्स एअरक्राफ्टचे आरव्ही-१४ हे दोन आसनी विमान आम्ही दोघे नवरा-बायको गॅरेजमध्ये बांधत आहोत. फ्यूजलाजचे (विमानाच्या धडाचे) रिव्हेटिंग उरकत आले आहे, कॅनोपी (कॉकपिटवरचे पारदर्शक छत) आणि वायरिंग अजून बसायचे आहे, त्यामुळे आतून रंग देण्यासाठी हीच वेळ सोयीची वाटते. पत्रा २०२४-टी३ आल्क्लॅड (वर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ थर असलेला अ‍ॅल्युमिनियमचा मिश्रधातू) असून त्यावर इपॉक्सी प्रायमर आधीच मारलेला आहे. रंग फिका राखाडी, कमी चकाकीचा हवा आहे. दोन घटकांचा पॉलियुरेथेन घ्यावा, की दुकानात मिळणाऱ्या एनॅमलच्या स्प्रे डब्यांवर भागवावे? गॅरेज घराला लागून आहे, कॉम्प्रेसर मध्यम क्षमतेचा आहे आणि श्वासासाठी कार्बन काडतुसांचा अर्धा मुखवटा जवळ आहे. इथल्या दमट हवेचे काय करावे, हेही कृपया सांगावे.

जुना हँगर:
रंगाची निवड मी तुमच्या मुखवट्यावरून करीन. दोन घटकी पॉलियुरेथेनच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याची एकदा संवेदनशीलता जडली की पुढे अगदी थोड्या संपर्कानेही दम्याचा झटका येऊ शकतो. त्याचा वास धोक्याची पातळी ओलांडेपर्यंत जाणवतोच असे नाही, म्हणून काडतूस संपल्याचे नाकाला कळेल या भरवशावर राहता येत नाही. बाहेरून ताजी हवा पुरवणारा, ब्लोअर आणि नळी असलेला पूर्ण चेहऱ्याचा मुखवटा, अंगभर सूट आणि हातमोजे एवढे असेल तरच हा रंग घरी मारावा. त्यातही तुम्ही उघड्या पंखावर नव्हे, तर अरुंद धडात वाकून फवारणार आहात; तिथे फवारा उलटून तोंडावर येतो आणि द्रावकाची जड वाफ तळाशी साचते. गॅरेज घराला लागून असल्याने घरातली माणसेही या हिशेबात धरावीत. पाण्यावर आधारित रंग म्हणजे निर्धोक, अशी समजूत करून घेऊ नका. त्यातल्या काही दोन घटकी रंगांचा हार्डनरही आयसोसायनेटचाच असतो, तेव्हा सुरक्षा पत्रक वाचल्याशिवाय डबा उघडू नये.

ही सोय करायची नसेल, तर गाड्यांना रंग देणाऱ्या एखाद्या चांगल्या बूथवाल्याकडे काम सोपवावे. अमेरिकेत हौशी बांधणीसाठी निम्म्याहून अधिक काम स्वतः करण्याचा जो नियम आहे, त्याच्या हिशेबात रंगकाम धरलेच जात नाही. त्यामुळे ते पैसे देऊन करून घेतल्याने विमानाच्या उड्डाणयोग्यतेच्या प्रमाणपत्राला बाध येत नाही.

अर्धा हात:
वरील मताशी मी सहमत आहे, फक्त एनॅमलच्या डब्याची बाजू मांडतो. कॉकपिटमध्ये ऊन-पावसाचा मारा बाहेरच्याइतका नसतो, आणि ओरखडा पडला तर त्याच डब्याने पाच मिनिटांत डागडुजी होते; पॉलियुरेथेनचा तुकडा जुळवताना मात्र चांगलीच दमछाक होते. उणीव अशी की एनॅमल मऊ असतो आणि द्रावकाने सुटतो, म्हणून बूट घासतात ती जागा आणि ब्रेक पेडलजवळचा भाग, जिथे हायड्रॉलिक तेल ठिबकू शकते, तिथे तो लवकर खराब होईल. एनॅमललाही वायुवीजन आणि काडतुसांचा मुखवटा लागतोच, हे वेगळे सांगायला नको. शिवाय निवडलेला एनॅमल तुमच्या प्रायमरवर सुरकुततो का, हे उरलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर आधी पाहावे.

वजनाची फार चिंता करू नका. १० चौरस मीटर पृष्ठभागावर ५० मायक्रॉन जाडीचा सुकलेला थर म्हणजे अर्धा लिटर घन रंग, अर्थात पाऊण किलोच्या आसपास. तरीही गालिच्याखाली आणि आसनांच्या तळाखाली नुसता प्रायमर पुरतो; तिथे रंगाचा हात देण्यात मला अर्थ दिसत नाही.

रिव्हेटप्रेमी:
कृतीबद्दल थोडे. प्रायमर मारून बरेच दिवस झाले असतील, तर पुढचा हात देण्याची मुदत उलटून गेलेली असेल; ती उत्पादकाच्या तांत्रिक पत्रकात दिलेली असते. अशा वेळी तपकिरी-लाल स्कॉच-ब्राइटने (घासण्याच्या खरखरीत पॅडने) पृष्ठभाग मंद करून, धूळ काढून, प्रायमरला चालणाऱ्या द्रावकाने पुसावा. सिलिकोनचा अंश राहिला की रंगात माशाच्या डोळ्यासारखी छिद्रे पडतात, त्यामुळे गॅरेजमध्ये सिलिकोनयुक्त पॉलिश किंवा वंगण फवारू नये.

पूर्ण आकाराची एचव्हीएलपी (जास्त हवा, कमी दाब) स्प्रे गन धडाच्या कोपऱ्यात वळत नाही. ०.८ ते १.० मिलिमीटर नोझलची छोटी गन घ्यावी. तिला हवाही कमी लागते, म्हणजे तुमचा कॉम्प्रेसर पुरेल. आधी कोपरे, कडा आणि स्ट्रिंगरच्या (पत्र्याला आतून बळकटी देणाऱ्या लांब पट्ट्यांच्या) खाचा कमी दाबाने मारून घ्याव्यात, मगच सपाट भागावर यावे. उलट क्रमाने गेल्यास सपाट भागावर कोरडा भुरभुरा थर बसतो आणि खाचांत ओघळ येतात. जे पॅनेल सुटे होते, ते बाहेर काढून टांगूनच रंगवावे. नटप्लेटचे (पत्र्याला पक्क्या बसवलेल्या नटांचे) आटे, अर्थिंगच्या जागा, नियंत्रण दांड्यांच्या टोकांचे बेअरिंग आणि केबलच्या पुली टेपने झाकाव्यात. अर्थिंगखाली रंग गेला तर पुढे रेडिओतली खरखर शोधत बसावे लागते.

दमटपणाविषयी सांगायचे, तर पत्र्याचे तापमान दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश सेल्सियस वर असावे. हवेच्या नळीवर, गनच्या अलीकडे, पाणी अडवणारा फिल्टर लावावा. थंड आघाडी सरकल्यावर ह्यूस्टनमध्ये जे कोरडे दिवस मिळतात, ते या कामासाठी राखून ठेवावेत.

ह्यूस्टनकर:
सर्वांचे मनापासून आभार. सुटी होणारी पॅनेल आणि पावलांखालचा भाग बूथमध्ये पॉलियुरेथेनने, आणि उरलेले धड आम्ही एनॅमलने, असे ठरवतो आहोत. समोरच्या काचेखालचा ग्लेअरशील्डही (उपकरणांच्या पॅनेलवरचा छज्जाही) त्याच राखाडी रंगात चालेल का?

जुना हँगर:
तो मात्र चकाकी अजिबात नसलेला काळाच हवा. फिका ग्लेअरशील्ड उन्हात काचेवर प्रतिबिंबित होतो आणि समोरून येणारे विमान दिसण्यात अडथळा होतो. हे काम कॅनोपी बसवण्यापूर्वीच उरकावे, कारण अ‍ॅक्रिलिकला अ‍ॅसिटोनसारख्या द्रावकाने बारीक तडे जातात. कॉकपिटच्या प्रवेशाजवळ ‘एक्स्पेरिमेंटल’ (प्रायोगिक) ही अक्षरेही लागतील. त्यांची उंची २ ते ६ इंच असावी असा नियम आहे, तेव्हा रंगाची आखणी करताना तेवढी जागा मोकळी ठेवा.