गॅदरिंगसाठी मालिकांची शीर्षकगीतं: कोणती घ्यावीत, कोणत्या पट्टीत बसवावीत?

अंबाजोगाईची_शाळा

नमस्कार मंडळी. अंबाजोगाईजवळच्या एका शाळेचं गॅदरिंग डिसेंबरच्या शेवटी आहे. सातवी-आठवीच्या वीस लेकरांकडून मालिकांची शीर्षकगीतं एकापाठोपाठ एक बसवून घ्यायची आहेत. वेळ दहा मिनिटं, त्याच्या वर नाही. हाताशी पेटी, तबला, ढोलकी, एक कीबोर्ड आणि गावातले सनईवाले काका आहेत. निवेदनात प्रत्येक गाण्याचा संगीतकार आणि गीतकार सांगायचा आहे, पण नेटवर एकाच गाण्याला तीन-तीन नावं दिसायलीत.

शिवाय महाभारतातले श्लोक म्हणताना लेकरांचा दम भलत्याच जागी तुटतो. आकाशवाणीची सकाळची धून पेटीवर वाजवली तर भजन वाटायलंय. आणि सनई व पेटी काही केल्या जुळंना. जाणकारांनी नीट सांगावं, ही विनंती.

पेटीमास्तर_सेलू

आधी एक गोष्ट पक्की धरा. शीर्षकगीत हे हाक मारण्यासाठी असतं. स्वयंपाकघरातल्या किंवा ओसरीवरच्या माणसाला पहिल्या चार-पाच सेकंदांत कळलं पाहिजे की काय लागलंय. म्हणून ओळख पटते ती पहिल्या वाद्यावरून, शब्द नंतर येतात. गाणं निवडताना ‘याचा पहिला आवाज आपल्याकडे निघतो का’ एवढंच विचारा. निघत नसेल तर ते गाणं कितीही आवडतं असलं तरी सोडून द्या.

आकाशवाणीची धून वॉल्टर कॉफमन यांची, १९३६ सालची. नाझींच्या काळात युरोप सोडून मुंबईला आलेले हे संगीतकार. मालिकेचं गीत नसलं तरी परभणी केंद्र ऐकत मोठ्या झालेल्या पालकांसाठी सुरुवातीला ही धून हवीच. तिचे स्वर शिवरंजनीचे: सा, रे, कोमल ग, प, ध. काळी एकच्या पट्टीत (म्हणजे सप्तकातली पहिली काळी ‘सा’ धरून) वाजवायचे तर काळी एक, काळी दोन, पांढरी तीन, काळी चार, काळी पाच. चार काळ्या आणि एकच पांढरी. त्या पांढरी तीनऐवजी बोट शेजारच्या पांढरी चारवर पडलं की शुद्ध गंधार लागतो आणि राग होतो भूप. तुमचं भजन तिथून येतंय. स्वर दुरुस्त झाले तरी ही धून पेटीवर अर्धवटच वाटेल, कारण तिच्यात व्हायोलिनची मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर न तोडता सरकणं) आहे आणि पेटीचा सूर तुटक पडतो. कीबोर्डवर व्हायोलिनचा टोन लावा, एका वेळी एकच सूर वाजवा, आणि पेटीला नुसता सा-प धरून ठेवू द्या.

दूरदर्शनची धून १९७६ मध्ये, दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं तेव्हाची. पंडित रविशंकर आणि सनईवादक उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांची. बिस्मिल्ला खाँ यांचं नाव सर्रास सांगितलं जातं, ते निवेदनात येऊ देऊ नका. काकांची सनई इथे एकटीच वाजू द्या. खाली तबला नको, ढोलकी तर नकोच.

‘रामायण’ (१९८७) रवींद्र जैन यांचं, ‘महाभारत’ (१९८८) राजकमल यांचं. या दोघांची अदलाबदल सगळ्यांत जास्त होते. महाभारताचं शीर्षकगीत पंडित नरेंद्र शर्मांचं, आवाज महेंद्र कपूर यांचा, आणि निवेदन करणाऱ्या ‘समय’चा आवाज हरीश भिमाणींचा. सुरुवातीला शंख हवा. पण शंखाला स्वतःचा एकच सूर असतो आणि तो तुमच्या पट्टीत बसेलच असं नाही. म्हणून शंख आधी, तो पूर्ण विरल्यावर दोन सेकंद शांतता, मग पेटीचा सा. दोन्ही एकदम सुरू केले तर लेकरं शंखाचा सूर धरतात आणि पुढचं सगळं गाणं पट्टी सोडून जातं.

‘मालगुडी डेज’ची धून एल. वैद्यनाथन यांची. ‘सुरभि’ची एल. सुब्रमण्यम यांची. हे दोघे सख्खे भाऊ, त्यामुळे नावांचा गोंधळ होतो. मालगुडीत शब्दच नाहीत, नुसतं ‘ता ना ना’ आहे. पाठांतर कमी, म्हणून शाळेला सोपं. फक्त ते हसऱ्या, हलक्या आवाजात गावं लागतं. मुलं जोर लावतात आणि त्यातला गोडवा निघून जातो.

मराठीत पहिलं नाव अशोक पत्की. ‘गोट्या’चं ‘बीज अंकुरे अंकुरे’ हे शब्द मधुकर आरकडे यांचे आणि चाल पत्कींची. ‘आभाळमाया’ (१९९९) आणि ‘वादळवाट’ या दोन्हींचे शब्द मंगेश कुळकर्णींचे, संगीत पत्कींचं. ‘आभाळमाया’ देवकी पंडित यांनी गायलंय. पत्कींनी जाहिरातींच्या जिंगल भरपूर केल्या. अर्ध्या मिनिटात सगळं सांगायची ती शिस्त त्यांच्या शीर्षकगीतांत स्पष्ट ऐकू येते: वाद्यांचा छोटा तुकडा, लगेच मुखडा, आणि मुखड्यातच मालिकेचं नाव किंवा तिचा जीव. शाळेसाठी एकच मराठी गाणं घ्यायचं असेल तर डोळे मिटून ‘गोट्या’चं घ्या. लेकरांच्या तोंडी शोभतं.

श्लोकपाठ_नांदेड

श्लोकांचं सांगतो. मालिकेतले ‘यदा यदा हि धर्मस्य’ आणि ‘परित्राणाय साधूनाम्’ हे गीतेच्या चौथ्या अध्यायातले सातवा आणि आठवा श्लोक. छंद अनुष्टुभ, म्हणजे चार चरण, प्रत्येकात आठ अक्षरं. दम तुटतो कारण मुलं अर्थाच्या अंदाजाने थांबतात. आठ अक्षरांवर बारीकसा विसावा, सोळावर पूर्ण श्वास, असा नियम करा. बोटांवर मोजून दाखवा: य-दा-य-दा-हि-ध-र्म-स्य, आठ. ग्ला-नि-र्भ-व-ति-भा-र-त, आठ. इथे श्वास.

सगळ्यांत मोठी चूक तिसऱ्या चरणात होते. ‘अभ्युत्थानमधर्मस्य’ हा शब्द ‘अभ्युत्थानम्’ आणि ‘अधर्मस्य’ असा सुटतो. मुलं मध्ये थांबून ‘अभ्युत्थानं… धर्मस्य’ म्हणतात. तो एक ‘अ’ गिळला की अर्थ उलटा होतो: अधर्म माजतो तेव्हा येतो, याऐवजी धर्म वाढतो तेव्हा येतो असं होतं. प्रेक्षकांत एखादे गुरुजी बसलेले असतील तर त्यांना हे लगेच खटकेल. हा चरण आठवडाभर चालीशिवाय, नुसता बोलून घ्या. चाल नंतर लावा. दुसऱ्या श्लोकात ‘दुष्कृताम्’ मधला ‘ता’ लांब आहे, तो आखडू देऊ नका.

काळी_पाच_लातूर

पेटीमास्तरांनी अजय-अतुल सोडलेच की! ‘राजा शिवछत्रपती’ मालिकेतलं ‘इंद्र जिमि जंभ पर’ घ्या. शब्द कवी भूषण यांचे, महाराजांच्या काळातले, ब्रज भाषेत. छंद मनहरण कवित्त, एका ओळीत एकतीस अक्षरं, ८-८-८-७ अशी विभागणी. मोजा: इं-द्र-जि-मि-जं-भ-प-र आठ, बा-ड़-व-सु-अं-भ-प-र आठ, रा-व-न-स-दं-भ-प-र आठ, र-घु-कु-ल-रा-ज-हैं सात. ही विभागणी केरव्याच्या आठ मात्रांत टाळ्या वाजवून पाठ करून घेता येते. शेवटच्या तुकड्यात एक अक्षर कमी आहे, ‘हैं’ लांबतो आणि तिथेच श्वास घ्यायची जागा मिळते. मुलं शेवटचा तुकडाही आठ अक्षरांचा समजून पुढची ओळ उशिरा किंवा लवकर उचलतात. तबलजीनं त्या जागी सम (तालाची पहिली मात्रा) ठळक दाखवावी, बाकी ठिकाणी शांत राहावं.

अर्थ सांगितल्याशिवाय पाठ करून घेऊ नका. जंभ हा इंद्राने मारलेला असुर, बाड़व म्हणजे समुद्रातला अग्नी, अंभ म्हणजे पाणी. हे कळलं की ‘बाड़व सुअंभ’ला ‘बादल सुगंध’ म्हणणं आपोआप थांबतं.

आणि जोर. या गाण्याला भरदार आवाज लागतो म्हणून मुलं ओरडतात, दुसऱ्या कडव्यापर्यंत घसा बसतो. पहिली ओळ सहा जणांनी, दुसरी बारा जणांनी, तिसरी वीसच्या वीस जणांनी म्हणावी. आवाज माणसांनी वाढवा, घशाने नाही.

सूरपेटी_परभणी

सनईचं गणित साधं आहे. सनईची पट्टी तिच्या लांबीनं आणि छिद्रांनी ठरलेली असते, ती बदलत नाही. तोंडात धरायची पत्ती आत-बाहेर करून फार तर थोडा फरक काढता येतो. म्हणून पेटीला सनई जुळवत बसू नका, उलट करा. पहिल्या दिवशी काकांना पाच मिनिटं सनई वाजवून गरम करू द्या, मग त्यांचा सा मोबाईलवरच्या ट्यूनरवर बघा. तो समजा काळी दोन निघाला, तर तीच सगळ्यांची पट्टी. कीबोर्डला ट्रान्सपोजचं (पट्टी बदलायचं) बटण आहे, पेटीवाल्याला मात्र बोटं बदलावी लागतील. शिवरंजनी मग काळी दोन, पांढरी चार, काळी तीन, काळी पाच आणि वरची पांढरी एक अशी येईल. सा दोन सुरांच्या मध्येच निघाला तर कीबोर्डचं बारीक ट्यूनिंग हलवा. पेटीला ते जमत नाही, म्हणून सनई वाजताना पेटी पूर्ण बंद ठेवा.

डिसेंबरात रात्री उघड्या मैदानावर आणखी एक भानगड होते. गार हवेत सनई उतरते आणि वाजून गरम झाली की चढते. दवानं तबल्याची पुडी (वरचं कातडं) सैल पडते. पेटी मात्र जागची हलत नाही. दुपारी वर्गात जुळवलेलं रात्री बेसूर होतं ते यामुळे. स्टेजवर जाण्याआधी दहा मिनिटं काकांना मागे हलकं वाजवत ठेवा, तबला कापडात गुंडाळून ठेवा आणि अगदी शेवटी जुळवा.

माईक सनईच्या तोंडासमोर नको, बाजूला दोन फुटांवर. पेटीला वरून नऊ-दहा इंचांवर, भात्याच्या बाजूला नको, नाहीतर हवेची फुसफुस ऐकू येते. वीस मुलांना चार माईक, पाच-पाच जणांत एक, तोंडाच्या उंचीवर.

गाणी_ऐका_धाराशिव

‘भारत एक खोज’ कोणी घेत नाही याचं वाईट वाटतं. संगीत वनराज भाटियांचं, शब्द ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचे (दहावं मंडल, १२९ वं सूक्त), हिंदी रूप वसंत देव यांचं. भाटिया लंडन आणि पॅरिसला पाश्चात्त्य संगीत शिकलेले, म्हणून त्यात वृंदगान इतकं भव्य वाटतं. वीस मुलं असतील तर बारा जण वरच्या सुरात आणि आठ जण खालचा सा धरून, एवढ्यावरही अंगावर काटा येतो.

पेटीमास्तर_सेलू

वाजवी मुद्दा, पण मुलांची तयारी बघूनच घ्या. खालचा सा आठ जणांना दीड मिनिट एकसारखा धरता येत नाही; चार-चारच्या दोन गटांनी आलटून-पालटून श्वास घ्यायचा. ते जमेना तर सोडून द्या.

‘जंगल जंगल बात चली है’ सहावीच्या खालच्या मुलांना द्या: शब्द गुलजार, संगीत विशाल भारद्वाज. ‘मिले सुर’ मात्र घालू नका. तो मालिकेचा भाग नाही, आणि एकटाच सहा मिनिटं खातो.

अंबाजोगाईची_शाळा

खूप आभार. सनईचा सा आजच तपासला, काळी दोनच निघाला. दोन शंका राहिल्या. आठवीतल्या सहा मुलांचे आवाज फुटायलेत, त्यांना काय द्यावं? आणि व्हिडिओ नेटवर टाकला तर चालतंय का?

सूरपेटी_परभणी

आवाज फुटणाऱ्या पोरांना वरच्या सुरांत ओढू नका. ‘समय’चं निवेदन, शंख, खालचा सा आणि भूषणाच्या छंदातला पहिला बोललेला तुकडा त्यांना द्या. बाकीच्यांसाठी वरची मर्यादा तारसप्तकातली पांढरी दोन आणि खालची मंद्रातली पांढरी सहा धरा. एखादं गाणं काळी दोनमध्ये याच्या बाहेर जात असेल तर त्या एका गाण्यात सनईला विश्रांती देऊन पट्टी बदला.

काळी_पाच_लातूर

शाळेत विद्यार्थी-शिक्षकांनी सादर करायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे. नेटवर टाकणं ही वेगळी गोष्ट. तिथे संगीत कंपनीचा दावा आपोआप लागू शकतो, आवाज बंद होऊ शकतो. पालकांच्या ग्रुपपुरता ठेवा.

वेळेचा हिशेब: सहा तुकडे, सरासरी ८० सेकंद, मध्ये पाच निवेदनं २० सेकंदांची. एकूण ५८० सेकंद, म्हणजे नऊ मिनिटं चाळीस सेकंद. क्रम असा ठेवा: आकाशवाणी, दूरदर्शन, मालगुडी, गोट्या, महाभारत, शेवटी भूषण. शेवट भूषणावरच, कारण त्यानंतर कोणतंही हळवं गाणं उभं राहत नाही.

पेटीमास्तर_सेलू

क्रम पटला. फक्त लाईटचं बघा. कीबोर्ड अडॅप्टरवर असेल तर लाईट गेली की आकाशवाणीची धून मध्येच तुटेल. कीबोर्डमध्ये सेल घालून ठेवा. तेही नसतील तर पहिला तुकडा सनईवर बसवून ठेवा, शिवरंजनी काकांना अवघड नाही. महाभारत आणि भूषण माईकशिवाय एकदा मैदानावर म्हणून बघा, शेवटच्या रांगेत एक जण उभा करून.