मदत हवी आहे: फ्लटर अ‍ॅपच्या खालच्या बारमध्ये सात टॅब कसे बसवू?

मंडळी, नमस्कार. मी लातूरची. औसा तालुक्यातल्या एका शेतकरी गटासाठी फ्लटरमध्ये (गूगलचं अ‍ॅप बनवायचं साधन) अ‍ॅप करतेय. गटातले जवळपास सगळे सोयाबीन-तुरीवाले, माल लातूरच्या मोंढ्यात (धान्यबाजारात) जातो. खालच्या बारमध्ये आधी पाच टॅब होते: मुख्यपान, बाजारभाव, हवामान, शेती सल्ला, हिशोबपट्टी. तोवर सगळं नीट चाललं होतं. सोयाबीनच्या राशी (मळणी) सुरू झाल्या तशी गटातून मागणी आली, गोदाम तारण (माल गोदामात ठेवून त्यावर उचल) पाहिजे आणि हमीभावाची नोंदणीपण पाहिजे. मी दोन्ही खालीच टाकले. झाले सात.

फ्लटरचा बॉटमनॅव्हिगेशनबार, म्हणजे हाच खालचा बार, सात टॅबना अडवत नाही. अँड्रॉइडच्या स्वतःच्या बॉटमनॅव्हिगेशनव्ह्यूमध्ये ठरलेल्या मर्यादेबाहेर टॅब टाकला की अ‍ॅप तिथंच पडतं, आयफोनवर पाचाच्या वर टॅब झाले की पहिले चार सोडून बाकीचे आपोआप ‘आणखी’ या टॅबमध्ये जातात. इथं मात्र सगळं माझ्यावर सोडलंय. गटातले बहुतेक फोन ३६० डीपी (स्क्रीनवरचं माप) रुंदीचे. पाच टॅब असताना प्रत्येकाला ७२ डीपी मिळायचे, आता जेमतेम ५१. बोटाला किमान ४८ लागतात, म्हणजे हिशोबानं बसतंय. पण निवडलेल्या टॅबचं अक्षर १२ वरून १४ होतं, आणि ‘हिशोबपट्टी’ हे नाव पुरतं मावत नाही. ‘गोदाम तारण’ तर अर्धवटच दिसतं.

अक्षर १० करून पाहिलं, वाचता येईना. त्यात फोनमध्ये अक्षर कितीही मोठं ठेवलं तरी या बारमधली नावं वाढत नाहीत, हे मला उशिरा कळलं. म्हाताऱ्या माणसांनी सेटिंगमध्ये मुद्दाम मोठं अक्षर ठेवलेलं असतं आणि नेमकं जिथं बोट लावायचं तिथंच ते बारीक. नावं काढून फक्त चित्रं ठेवली, तर गोदाम आणि मुख्यपान दोन्ही घरासारखीच दिसतात. वर तीन रेघांचा मेन्यू केला, तो कुणी उघडलाच नाही.

परवा मी आमच्या काकांसोबत आडतीवर बसले होते. कट्टे उतरत होते, काकांच्या अंगठ्याला सोयाबीनची धूळ, फोनच्या काचेला कोपऱ्यात तडा. त्यांना मागच्या खेपेची पट्टी काढून हमाली-तोलाई किती कापली ते बघायचं होतं. तीनदा दाबलं, तीनदा शेजारचं गोदाम उघडलं. चौथ्यांदा त्यांनी फोन माझ्याकडे दिला आणि म्हणाले, “तूच बघ बाई.” ते अ‍ॅप त्यांच्यासाठीच केलंय, म्हणून फार लागलं.

माझ्या डोक्यात एक आहे: हंगामाप्रमाणे टॅब बदलायचे. पेरणीत सल्ला आणि हवामान, राशीत गोदाम आणि हमीभाव. पाचच दिसतील, पण बदलते. बरोबर आहे का? कुणी केलंय का असं?

प्रतिसाद १
ताई, टॅब हलवू नका. मी परभणीत बियाण्याच्या दुकानासाठी अ‍ॅप केलं होतं, त्यात जागा बदलल्या आणि आठवडाभर नुसते फोन येत होते. आपली माणसं नाव वाचत बसत नाहीत, “डावीकडून दुसरं” असंच लक्षात ठेवतात. गूगलच्या मटेरियल डिझाइन या नियमावलीतही तीन ते पाचच सांगितलेत. पाचवर या आणि कायम तेच ठेवा.

प्रतिसाद २
नावं बदला की! मोंढ्यात उभा राहून ‘बाजारभाव’ कोण म्हणतं? “भाव काय निघाला” म्हणतात. ‘भाव’ लिहा. हवामानाला ‘पाऊस’. हिशोबपट्टीला नुसती ‘पट्टी’. शेती सल्ल्याला ‘पीक’. एकेक शब्द, ७२ डीपीत १४ चं अक्षरही आरामात बसतं.

दुसरं, गोदाम आणि हमीभाव हे वेगळे टॅब नाहीतच. ज्याच्या दारात सोयाबीन पडलंय त्याचा एकच प्रश्न असतो: आज विकू, हमीभावाच्या खरेदी केंद्रावर घालू का ठेवून देऊ? २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल, मोंढ्यात त्याच्या खाली निघाला तर माणूस केंद्राकडे बघणार, आणि तिथं १२ टक्क्यांवर ओलावा असला की अडतं. पैशाची घाई असेल तर तारणात ठेवून किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत उचल मिळते. हे तिन्ही शेजारी-शेजारी दिसलं पाहिजे. ‘भाव’ उघडल्यावर वरच्या बाजूला तीन टॅब द्या: मोंढा, हमीभाव, तारण. फ्लटरचा टॅबबार टॅबबारव्ह्यूसोबत वापरा, बोटानं सरकवलं तरी बदलतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद
दोघांचेही मनापासून आभार. हंगामाची कल्पना सोडली. काल रात्री बसून बदललं: घर, भाव, पाऊस, पीक, पट्टी. गोदाम आणि हमीभाव ‘भाव’च्या आत गेले. निवडलेलं आणि न निवडलेलं, दोन्ही अक्षरं १४ चीच ठेवली, त्यामुळे दाबल्यावर काही हलत नाही. ‘पीक’ऐवजी ‘वावर’ ठेवावं असं मला वाटत होतं, पण काका म्हणाले वावर म्हटलं की सातबारा निघेल असं वाटतं. म्हणून पीकच. सकाळी त्यांच्या हातात फोन दिला आणि काही बोलले नाही. पट्टी पहिल्याच दाबात उघडली. मग ‘भाव’मध्ये गेले, सरकवून तारणावर आले आणि मला विचारलं, “सहा महिन्यांचं व्याज इथंच निघल का?” ते आता जोडतेय.

एक अडलंय. टॅब बदलताना आतला मजकूर जाऊ नये म्हणून फ्लटरचा इंडेक्स्डस्टॅक लावलाय. पण ‘पट्टी’वर असताना फोनचं मागे जायचं बटण दाबलं की अ‍ॅपच बंद होतं. मला आधी ‘घर’वर यायला हवंय. मागे जायचं बटण हाताळणाऱ्या पॉपस्कोपमध्ये नेमकं काय लिहायचं, कुणी सांगेल का?