मदत हवी आहे: मागच्या ड्रमऐवजी डिस्क ब्रेक बसवल्यानंतर ट्रकचे ब्रेक पूर्ण सुटत नाहीत

नमस्कार,

माझ्याकडे हायड्रॉलिक ब्रेकचा एक जुना हलका ट्रक आहे. पुढे मूळचेच डिस्क ब्रेक, मागे ड्रम आणि मदतीला व्हॅक्यूम बूस्टर (पायाचा जोर वाढवणारे उपकरण) अशी त्याची रचना होती. मागचे ड्रम काढून तेथे डिस्क बसवण्याचे काम मी नुकतेच पूर्ण केले; परंतु रिकाम्या ट्रकने, फारसा ब्रेक न मारता, जेमतेम १० किलोमीटर अंतर कापले तरी मागच्या दोन्ही डिस्क २०० अंश सेल्सिअसच्या वर तापतात आणि पुढच्या मात्र ७० अंशांच्या आसपास असतात. या अवस्थेत मी ट्रकमध्ये माल भरणार नाही आणि कोणाला बसवणारही नाही, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

हा बदल मी हौसेखातर केलेला नाही. लांब उतारावर ड्रम तापून प्रसरण पावत, त्यांचा व्यास वाढला की शूंना (ड्रमला आतून दाबणाऱ्या पट्ट्यांना) अधिक अंतर सरकावे लागे आणि पेडल हळूहळू खाली जाई. भरलेल्या ट्रकने असाच एक उतार उतरताना पेडल निम्म्याहून खाली गेले होते आणि तो प्रसंग मी विसरू शकलेलो नाही. पाण्यातून गेल्यावर ड्रममध्ये शिरलेले पाणीही लवकर बाहेर पडत नसे.

केलेले काम असे: मूळ बॅक प्लेट (ड्रम ब्रेकचे भाग जिच्यावर बसतात ती ताटली) एक्सलच्या टोकाशी बेअरिंगच्या रिटेनरबरोबर आवळलेली असल्यामुळे, कॅलिपरचे (डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडमध्ये दाबणाऱ्या पकडीचे) ब्रॅकेट मी तिच्याच जाडीचे करून घेतले, कारण जाडी बदलली असती तर बेअरिंगची पकडही बदलली असती. डायल गेज लावून तपासले असता डिस्क ०.०५ मिलिमीटरपेक्षा कमी डगमगते. कॅलिपर एका पिस्टनचे, सरकते आणि हँडब्रेकची यंत्रणा आतच असलेले आहेत. पिस्टनचा व्यास ४८ मिलिमीटर आहे. हवा काढण्याचे निपल वरच्या बाजूला येतील अशाच रीतीने डावे-उजवे कॅलिपर बसवले आहेत. हे मुद्दाम सांगतो, कारण ते उलटसुलट बसले तर हवा वर अडकून राहते आणि कितीही वेळा पेडल मारले तरी बाहेर येत नाही.

मास्टर सिलिंडर (पेडलच्या जोराने ऑइलचा दाब निर्माण करणारा भाग) मात्र मूळचाच ठेवला आहे आणि माझा मुख्य संशय तेथेच आहे. मागच्या ब्रेकच्या वाटेवर त्यात दाब राखणारा छोटा व्हॉल्व्ह आहे, जो पेडल सोडल्यावरही पाइपमध्ये सुमारे ०.७ बार दाब शिल्लक ठेवतो. ड्रममध्ये हा दाब उपयोगी असतो, कारण त्यामुळे व्हील सिलिंडरच्या (चाकापाशी शू दाबणाऱ्या सिलिंडरच्या) रबरी वाट्या भिंतीला चिकटून राहतात व हवा आत ओढली जात नाही, आणि शू मागे खेचण्यासाठी भक्कम स्प्रिंगा असतातच. डिस्कच्या कॅलिपरमध्ये तशी स्प्रिंग नसते. पिस्टनला किंचित मागे आणण्याचे काम एकटे चौकोनी सील करते. माझ्या हिशेबाप्रमाणे ४८ मिलिमीटरच्या पिस्टनवर ०.७ बार म्हणजे सुमारे १२७ न्यूटन, अर्थात साधारण १३ किलो वजनाइतका जोर पॅडवर सतत राहतो. एवढ्याने डिस्क इतक्या तापू शकतात काय?

आणखी एक गोष्ट प्रांजळपणे सांगणे आवश्यक आहे. काम संपल्यावर पेडल बरेच खाली जात होते, म्हणून बूस्टर व मास्टर सिलिंडर यांच्यामधला पुशरॉड (जोर पुढे पोहोचवणारा दांडा) मी दोन आटे लांब केला. उभ्या ट्रकमध्ये पेडल लगेच सुधारले, पण चालवल्यावर ते दर काही किलोमीटरला अधिकाधिक कडक होत जाते. हँडब्रेकही चढावर रिकामा ट्रक धरून ठेवत नाही. मागच्या पाट्यांवरच्या (स्प्रिंगांवरच्या) वजनानुसार मागचा दाब कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह अजून जुन्याच स्थितीत आहे; तो आधी हलवावा की हे सर्व सोडवल्यावर, हेही कृपया सांगावे.

प्रतिसाद

आपण मोजमापांसह लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. दाब राखणारा व्हॉल्व्ह काढलाच पाहिजे, परंतु २०० अंशांचा हिशेब त्याच्या एकट्याने जुळत नाही. दोन्ही पॅडवर प्रत्येकी १२७ न्यूटनचा जोर, ०.४ घर्षणांक, डिस्कची परिणामी त्रिज्या (केंद्रापासून पॅडच्या साधारण मध्यापर्यंतचे अंतर) १३० मिलिमीटर व टायरची ३५० मिलिमीटर धरली, तर १० किलोमीटरमध्ये एका चाकात सुमारे ३७७ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. ओतीव लोखंडाच्या डिस्कचे वजन ७ किलो मानले आणि वाऱ्याने काहीही उष्णता नेली नाही असे गृहीत धरले, तरीही तापमान १२० अंशांपेक्षा जास्त वाढणार नाही. म्हणजे दाब ०.७ बारपेक्षा बराच जास्त अडकून राहत आहे.

पेडल कडक होत जाणे हीच याची खूण आहे. पेडल पूर्ण सोडल्यावर मास्टर सिलिंडरमधले भरपाईचे बारीक छिद्र उघडे राहिले पाहिजे, कारण ऑइल तापून फुगले की ते त्याच वाटेने टाकीत परतते. पुशरॉड लांब झाला की पिस्टनचे रबर ते छिद्र झाकून बसते. मग ऑइल तापते, फुगते, परत जाऊ शकत नाही, पॅड आणखी दाबते आणि त्यामुळे आणखी तापते. आपण आता हा ट्रक चालवू नये.

खात्रीसाठी एवढे करावे. ट्रक तापून ब्रेक धरू लागला की पुढच्या चाकांना ओट (अडसर) लावून मागचा भाग स्टँडवर घ्यावा, हँडब्रेक सोडावा आणि दोन्ही मागची चाके हाताने फिरवून पाहावीत. नंतर मास्टर सिलिंडरचे बूस्टरवरचे दोन नट तीन-चार मिलिमीटर सैल करून सिलिंडर पुढे ओढावा. चाके लगेच हलकी झाली तर दोष पुशरॉडचा. थोडा ओढा उरला आणि मागच्या पाइपचा नट सैल केल्यावर तोही गेला, तर उरलेला दोष त्या व्हॉल्व्हचा. एका चाकाचे निपल उघडूनही ते चाक जडच राहिले, तर दोष ऑइलच्या दाबाचा नाही. त्या वेळी सरकत्या पिना आणि हँडब्रेकची केबल पाहावी. ऑइल गरम असेल, म्हणून डोळ्यांना चष्मा हवाच.

लांब पेडल आणि कमजोर हँडब्रेक यांचे मूळ बहुधा एकच आहे. आतच हँडब्रेक असलेल्या अनेक कॅलिपरमध्ये केबल आधीच ताणली, तर लिव्हर आपल्या थांब्यापर्यंत परत येत नाही आणि आतला समायोजक (झिजेनुसार अंतर आपोआप भरून काढणारा भाग) पुढे सरकत नाही, त्यामुळे पॅड डिस्कपासून दूर राहतो. केबल पूर्ण ढिली करावी, पेडल अनेकदा दाबून पॅड जवळ आणावेत, कॅलिपरचे लिव्हर हाताने वारंवार पूर्ण फिरवावेत आणि शेवटी केबल जोडावी.

मास्टर सिलिंडरच्या टाकीकडेही लक्ष द्यावे. ड्रमचे लायनर झिजले तरी समायोजक अंतर भरून काढतो, म्हणून मागच्या ब्रेकची टाकी बहुतेक वेळा लहान असते. आपल्या कॅलिपरमध्ये दोन्ही पॅड ८ मिलिमीटर झिजले तर पिस्टन १६ मिलिमीटर पुढे येईल आणि एका चाकाला सुमारे २९ मिलिलिटर, दोन्हींना ५८ मिलिलिटर जास्त ऑइल लागेल. टाकीत तेवढी जागा नसेल तर मागेपुढे डिस्कसाठीचाच मास्टर सिलिंडर शोधावा.

वजनानुसार चालणारा व्हॉल्व्ह मात्र सर्वात शेवटी हलवावा. ड्रममध्ये चाकाच्या फिरण्याने शू स्वतःच अधिक दाबला जातो, डिस्कमध्ये तसे होत नाही, त्यामुळे जुनी मांडणी नव्या ब्रेकला योग्य ठरेलच असे नाही. रिकाम्या ट्रकने, कोरड्या व बंदिस्त जागी, कमी वेगाने चाचणी घ्यावी. मागची चाके पुढच्यांच्या आधी जाम होत असतील तर मागचा दाब कमी करावा, कारण मागची चाके आधी घसरली की ट्रक आडवा फिरतो.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

आपले मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे नट सैल करून सिलिंडर ओढताच दोन्ही चाके मोकळी झाली; थोडासा ओढा उरला होता, तोही मागचा पाइप सैल केल्यावर गेला. पुशरॉड पूर्वीच्या लांबीवर आणून पिस्टन आणि त्याच्या टोकामध्ये १ मिलिमीटरची मोकळीक ठेवली, दाब राखणारा व्हॉल्व्ह काढला आणि केबल ढिली करून लिव्हर फिरवल्यावर पेडलही वर आले. आज त्याच १० किलोमीटरनंतर मागच्या डिस्क ८० अंशांवर होत्या आणि हँडब्रेकने रिकामा ट्रक चढावर धरला. मागच्या टाकीची जागा मोजली असता ती ४० मिलिलिटरच भरली, म्हणून माल भरण्यापूर्वी मास्टर सिलिंडर बदलणार आहे. मूळच्याचा व्यास २५.४ मिलिमीटर आहे. मोठ्या टाकीचा, परंतु २३.८ मिलिमीटर व्यासाचा मिळत आहे. त्याने तेवढ्याच जोरात सुमारे १४ टक्के अधिक दाब मिळेल, मात्र पेडलची चाल वाढेल. या ट्रकसाठी आपण कोणता निवडाल?