छपराचं पाणी: टाकी केवढी, पहिलं किती सोडायचं?

प्रश्न: सपाट काँक्रीटचं छप्पर, 100 चौरस मीटर. वर्षाचा पाऊस 600 मिलिमीटर, तोही चारच महिन्यांत. माणसं पाच. टाकी केवढी बांधावी? आणि पहिल्या पावसाचं पाणी सोडून द्या म्हणतात, ते नक्की किती?

उत्तर: 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस म्हणजे 1 लिटर. तुमचे झाले 60,000. बाष्प आणि सांडलवंड वजा जाता 80 टक्के धरा, 48,000. टाकीचं माप मात्र कोरड्या दिवसांवरून काढायचं. पिणं-स्वयंपाक माणशी 10 लिटर, पाच माणसं, 240 दिवस: 12,000. तळाचा गाळ धरून 15,000 ची बांधा. अंघोळ-धुणंही यातच बसवायचं म्हटलं तर माणशी 50 लिटरने त्याच 240 दिवसांना 60,000 लागतात. तेवढं छपरावरून मिळतच नाही, मग टाकी कितीही मोठी असो.

दुसरं उत्तर: पहिला 1 ते 2 मिलिमीटर सोडा, म्हणजे 100 ते 200 लिटर. 110 मिलिमीटरच्या पाइपात मीटरमागे जेमतेम 9 लिटर मावतात, त्यामुळे मीटरभर पाइपाचा तुकडा लावणं निव्वळ शोभेचं. 200 लिटरचा ड्रम घ्या, तोंडाशी तरंगता चेंडू. ड्रम भरला की चेंडू तोंड बंद करतो आणि पाणी टाकीकडे वळतं. खाली 3 मिलिमीटरचं भोक ठेवा, सहा-सात तासांत ड्रम आपोआप रिकामा होतो. भोक अगदी तळाला नको, चार बोटं वर. तळाला असलं की पानांच्या चिखलाने बुजतं, ड्रम भरलेलाच राहतो आणि पुढच्या सरीची घाण थेट टाकीत.

प्रश्नकर्ता: टाकी भरल्यावरचं पाणी थेट बोअरमध्ये सोडलं तर?

उत्तर: नको. गाळाने खडकातल्या भेगा बुजतात, शिवाय पक्ष्यांच्या विष्ठेतले जंतू भूजलात जातात. शेजारी शोषखड्डा घ्या: तळाला दगड, मग खडी, वर जाड वाळू. गाळ वाळूवरच अडतो. दर उन्हाळ्यात वरची दोन-तीन इंच खरवडून नवी टाकायची. खड्डा शौचालयाच्या टाकीपासून लांब हवा.

आणखी एक: टाकीत उजेड नको, शेवाळ धरतं. ओव्हरफ्लोला डासांची जाळी लावा, पण तो पाइप आत येणाऱ्या पाइपाहून बारीक नको. आत येणारा पाइप तळापर्यंत नेऊन तोंड वर वळवा, म्हणजे गाळ ढवळत नाही. सिमेंटची टाकी नवी असेल तर पहिलं भरलेलं पाणी प्यायला घेऊ नका, त्यात चुना उतरतो.