बुचाचे उपयोग : विदर्भातील गावांकडचे अनुभव

निमंत्रण

खेड्यात बूच कोणी मुद्दाम विकत आणत नाही. ते कशाच्या तरी सोबत घरात येते. अत्तराच्या कुपीसोबत येते, होमिओपॅथीच्या गोळ्यांसोबत येते, जुन्या थर्मासच्या तोंडात असते आणि शहरातल्या पाहुण्यांनी आणलेल्या, ज्यांच्याविषयी वडीलधाऱ्यांसमोर बोलले जात नाही अशा बाटल्यांसोबतही येते. बाटली भंगारवाल्याकडे जाते, बूच मात्र कोनाड्यात राहते आणि पुढे भलत्याच कामाला लागते. या धाग्यावर अशाच कामांचे अनुभव हवे आहेत. खरे बूच हाताशी नसताना आपण त्याऐवजी काय वापरले आणि ते कितपत टिकले, हेही अवश्य लिहावे. ऐकीव युक्त्या नकोत, स्वतः करून पाहिलेलेच लिहावे, एवढी विनंती.

संदर्भासाठी थोडक्यात सांगतो. खरे बूच म्हणजे ओकच्या एका जातीची साल. ही झाडे भूमध्य समुद्राच्या पश्चिम भागात वाढतात आणि जगातील साधारण निम्मे बूच एकट्या पोर्तुगालमध्ये निघते. झाड सुमारे 25 वर्षांचे झाल्यावर पहिली साल काढतात आणि त्यानंतर तेथे निदान 9 वर्षे थांबतात. झाड तोडले जात नाही, साल पुन्हा भरते. पहिल्या दोन वेळची साल बाटलीच्या बुचाला चालत नाही, म्हणजे लावणाऱ्याला चांगले बूच पाहायला चाळिशी ओलांडावी लागते. सालीच्या आत हवेने भरलेल्या, बंद आणि मेणचट भिंतींच्या असंख्य सूक्ष्म पेशी असतात. खाली जे काही लिहिले जाईल त्यातले बरेचसे या बंद पेशींमुळेच घडते.

एक गृहिणी, दर्यापूर तालुका

आमच्याकडे बुचाचे पहिले काम सुईचे. वावरात बाभळीचा काटा रुतला की काढायला सुई लागते आणि ती नेमकी त्याच वेळी सापडत नाही. म्हणून होमिओपॅथीच्या कुपीचे लहान बूच घेऊन त्यात सुईचे टोक खोचून ठेवते आणि ते चिमट्यासोबत पिशवीत टाकते. सुई हरवत नाही आणि पिशवीत हात घातला तर टोचतही नाही. गोण्या शिवायच्या दाभणाला मोठे बूच लागते.

दुसरे काम झाकणाचे. स्टीलच्या पातेल्याच्या झाकणाची मूठ तापते आणि प्रत्येक वेळी फडके शोधावे लागते. त्या मुठीच्या कडीत बूच आडवे घट्ट बसवले की बोटांना चटका बसत नाही. चुलीवर मात्र हे करू नये, कारण बाजूने ज्वाळा वर आली तर बूच काळे पडून धुमसते. गॅसवर ठीक चालते.

तिसरे, पावशीचे (विळीचे) पाते गंजले की ओल्या बुचाला बारीक राख लावून घासते. चिंधीने घासताना बोट कापण्याची भीती असते. बुचामुळे बोट पात्यापासून दूर राहते.

एक तरुण शेतकरी, केळापूर तालुका

आमच्याकडे घासलेटच्या बाटलीला बुचाऐवजी दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा तुकडाच असे. तोंडाच्या मापाने निमुळता तासून घेतला की काम होते. पण कणीस तेल पिते, काही दिवसांनी बाहेरूनही ओलसर लागते आणि बाटली आडवी झाली की गळते. उभ्या बाटलीला चालते, प्रवासाला चालत नाही.

निमंत्रक

भाऊ, एक पुस्ती जोडतो, आपण वाईट मानू नये. फवारणीच्या औषधाच्या बाटलीला लावलेले कोणतेही बूच, मग ते खरे असो वा कणसाचे, दुसऱ्या कोणत्याही कामाला वापरू नये आणि चुलीत तर मुळीच टाकू नये. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, हे येथे कोणाला वेगळे सांगायला नको.

एक मच्छीमार, अर्जुनी मोरगाव तालुका

आमचे सारे काम माजी मालगुजारी तलावांवर, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या (जमीनदारांच्या) काळातल्या तलावांवर, आणि बोड्यांवर, म्हणजे लहान तळ्यांवर. जाळ्याच्या वरच्या दोरीला तरंगते तुकडे लागतात. पूर्वी हलक्या लाकडाचे असत, आता प्लॅस्टिकचे असतात आणि जुन्या चपलांचे तळवे तर सर्रास दिसतात. एवढी खरी बुचे कोण आणून देणार? परंतु गळाच्या तरंगासाठी मी बूचच वापरतो आणि त्याला कारण आहे. बुचाचे वजन तेवढ्याच पाण्याच्या पावपट भरते, त्यामुळे ते उंच तरंगते आणि मासा आमिषाला नुसता लागला तरी हलते. सायकलची तार तापवून मधोमध छिद्र पाडायचे, दोरा ओवायचा आणि छिद्रात काडी खोचून खोली बांधायची. खोली बदलायची असेल तर काडी काढून बूच वरखाली सरकवता येते.

लहानपणी आम्ही ज्वारीच्या धांड्याचा गर वापरत असू. तो बुचाहूनही हलका, पण पाणी पितो आणि थोड्याच वेळात बुडू लागतो. बूच दिवसभर पाण्यात राहिले तरी तसेच असते.

एक विज्ञान शिक्षिका, चिखलदरा तालुका

शाळेत आम्ही बुचाची पातळ चकती परातीतल्या पाण्यावर सोडतो आणि चुंबकावर एकाच दिशेने घासलेली सुई तिच्यावर ठेवतो. सुई हळूहळू वळते आणि उत्तर-दक्षिण स्थिरावते. परात स्टीलची असेल तर ती आधी चुंबकाने तपासावी, कारण काही स्टील चुंबकाला चिकटते आणि मग सुई गोंधळते. त्यापेक्षा प्लॅस्टिकचे घमेले बरे. पंखा बंद ठेवावा. आमच्याकडे वीजच नसते, त्यामुळे ती अडचण येत नाही.

रॉबर्ट हूकने 1665 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात बुचाच्या कापाचे चित्र दिले होते आणि पेशींचे ते पहिले प्रसिद्ध झालेले चित्र मानले जाते. त्याने पाहिल्या त्या मेलेल्या पेशींच्या रिकाम्या भिंती होत्या. हे पाठ करून घेण्यापेक्षा दाखवणे सोपे आहे. बूच थोडे उकळून मऊ करावे आणि नव्या पात्याने, मिळेल तितका पारदर्शक पापुद्रा काढावा. जाड काप सूक्ष्मदर्शकाखाली नुसता काळा दिसतो.

आमच्या आवारात बुचाचे झाड आहे, तेच लांब देठांची पांढरी सुवासिक फुले येणारे, ज्यांची मुली दोऱ्याशिवाय वेणी गुंफतात. त्याचे ओकशी काहीही नाते नाही; ते आपल्या जंगलातल्या टेटू या झाडाच्या कुळातले. साल जाड, भेगाळ आणि हलकी असते. मुलांनी तिचे बूच कोरून पाहिले. तरंगते छान, टाचण्या खोचायलाही उत्तम, पण बाटलीत दाबताच तिचा भुगा पडतो.

एक कलावंत, देसाईगंज तालुका

झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत मी मिशा बुचानेच काढत आलो आहे. बूच दिव्याच्या ज्योतीवर धरून टोक पूर्ण काळे करायचे, ते थंड होऊ द्यायचे आणि खोबरेल तेलाचा अगदी हलका हात लावलेल्या त्वचेवर ते टेकवत जायचे. पेन्सिलीने काढलेली मिशी मंडपातल्या दिव्यांखाली चकाकते. बुचाची काजळी निस्तेज असते, म्हणून ती केसांसारखी दिसते. दोन दिवसांची वाढलेली दाढी दाखवायची तर बुचाला तोड नाही, कारण त्याचा खरखरीत पृष्ठभाग आपोआप ठिपके उमटवतो. डोळ्यांजवळ लावू नये. उतरवताना आधी तेल लावून पुसावे, मग साबण. थेट साबण लावला तर सारा चेहरा राखाडी होतो आणि तसाच सकाळच्या गाडीत बसावा लागतो. प्लॅस्टिकचे बूच जाळून पाहण्याचा मोह टाळावा.

एक आजोबा, काटोल तालुका

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे मुलांच्या पोळ्याला, नातवाच्या लाकडी नंदीचे एक चाक निघाले होते. बुचाची चकती कापून मधून खिळा घातला. डांबरी रस्त्यावर ती लवकर झिजली, पण मिरवणूक पार पडली.

एक विद्युत व मोटार कारागीर, मूल तालुका

वरील सर्व उपयोग किरकोळ आहेत असे म्हणत नाही, परंतु गावात बूच सर्वांत जास्त कोठे आहे असे विचारले तर माझे उत्तर इंजिनात आणि डीपीत, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये, असे आहे. डिझेल इंजिनाच्या वरच्या झाकणाखाली बुचाच्या चुऱ्याचे गॅस्केट, म्हणजे सांध्यातून तेल गळू न देणारी पट्टी, असते, आणि ट्रान्सफॉर्मरच्या झाकणाखाली बूच व रबर मिसळलेले. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. निव्वळ रबर वरून दाबले की बाजूंना पसरते, त्याला पसरायला जागा नसेल तर ते दबतच नाही. बूच दाबले तर आतल्या पेशी मिटतात आणि बाजूंना ते जवळजवळ फुगत नाही. पातळ पत्र्याच्या झाकणाला, जिथे फार जोर लावता येत नाही, तिथे हाच गुण लागतो. रबरासोबत मिसळले की तेलाला टिकण्याची ताकद वाढते.

आमच्या भागात उन्हाळ्याचा पारा 45 अंशांच्या पुढे जातो. बंद पडून राहिलेल्या इंजिनाचे गॅस्केट वाळून आकसते आणि हंगामात पंप सुरू केला की तेल झिरपू लागते. अशा वेळी लोक पान्याने बोल्ट आवळत सुटतात. वाळलेले बूच आवळल्याने तडकते, गळती वाढते आणि झाकणही वाकते. गॅस्केट बदलावे, बोल्ट समोरासमोरचे जोडीने आणि थोडे थोडे आवळावेत. नवे गॅस्केट ठेवून ठेवून कडक झाले असेल तर बसवण्यापूर्वी काही वेळ ओलसर फडक्यात गुंडाळावे. ते पुन्हा लवचिक होते. ट्रान्सफॉर्मरला मात्र कोणी स्वतः हात लावू नये, ते काम वीज कंपनीच्या माणसांचे.

एक क्लॅरिनेटवादक, तिरोडा तालुका

कारागीर भाऊंनी लिहिलेले वाळण्याचे दुखणे आमच्याही वाद्याला आहे. क्लॅरिनेटचे तुकडे एकमेकांत बसतात तिथे बुचाची पातळ पट्टी चिकटवलेली असते, तिच्यामुळे हवा निसटत नाही. लग्नसराई भर उन्हाळ्यात असते, पट्टी आकसते आणि वरातीत वाजवताना सांधा सैल होऊन सूर खाली उतरतो. नवी पट्टी गावात मिळत नाही, म्हणून आम्ही मेण लावलेला सुती दोरा त्यावर गुंडाळतो. हंगाम निघतो. तरीही बुचाची पट्टी अधिक चांगली, कारण दोरा कधी जास्त होतो, कधी कमी, आणि बूच स्वतःच सांध्याइतके दबते. शहरात गेलो की पट्टी आणतो. बॅडमिंटनच्या फुटलेल्या फुलाचे बूड कापूनही करून पाहिली. ते बूच चांगल्या प्रतीचे असते, पण तुकडा गोल आणि आखूड, पूर्ण वळसा बसत नाही.

दर्यापूरच्या गृहिणी, पुन्हा

दादा, वळसा पूर्ण होत नसेल तर दोन तुकडे तिरक्या कापाने जोडून पाहावेत. चपलेचा पट्टा शिवताना आम्ही असाच जोड देतो, म्हणजे सांध्यावर उंचवटा येत नाही.

क्लॅरिनेटवादक, तिरोडा

ताई, तिरका काप देऊन पाहिला. जोडावरून हवा जात नाही. आता फुटकी फुले फेकू नका, असे शाळेच्या मुलांना सांगून ठेवले आहे.